कागदावरच्या आरमाराचा धनी : फ्रेड जेन

माझ्या खोलीतल्या पुस्तकांच्या मांडणीत, खालून दुसऱ्या कप्प्यात, एक आरमार नांगर टाकून उभे आहे. एकूण १९ जहाजे. त्यांतले सर्वांत मोठे पुरते वीतभरही नाही आणि सर्वांत धाकटे माझ्या करंगळीएवढे आहे. बहिणीने या कप्प्याचे नाव ‘गोदी’ ठेवले आहे, आणि दिवाळीच्या साफसफाईत ही गोदी हलवावी लागते तेव्हा आई ज्या शब्दांत माझ्या छंदाचा उद्धार करते ते शब्द महाविद्यालयाच्या वार्षिकात छापण्याजोगे नाहीत. असो. छंद म्हटला की घरच्यांची बोलणी आलीच.

यातले पहिले जहाज मला आजोबांनी दिले. आजोबा म्हणजे आईचे वडील. ते आरमारात होते. मुंबईस असताना एकदा चोरबाजारात जुन्या घड्याळांच्या ढिगाऱ्यात त्यांना शिशाचे एक जहाज सापडले. तळ सपाट, टेबलावर ठेवले की पाण्यावर तरंगल्यासारखे दिसणारे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाविकांना शत्रूची जहाजे ओळखण्याचे शिक्षण देण्यासाठी अशा प्रतिकृती हजारोंनी ओतल्या गेल्या. प्रमाण १:१२००, म्हणजे खऱ्या जहाजाचे १०० फूट म्हणजे प्रतिकृतीचा १ इंच. हे प्रमाण सोयीचे कसे, हे आजोबांनी मला ओसरीवर जमिनीवर आडवे करून दाखवले होते. जहाज १० फुटांवर ठेवायचे आणि डोळा जमिनीलगत आणून पाहायचे. ते १२,००० फुटांवरून, म्हणजे जवळजवळ दोन सागरी मैलांवरून खरे जहाज दिसावे तसे दिसते. धुराडी किती, डोलकाठ्या किती, तोफांचे बुरूज पुढे की मागे, एवढेच कळते. आणि युद्धात तेवढे कळणे पुष्कळ असते.

तेव्हा मी सातवीत होतो. जहाजांविषयी मी काही विचारले आणि आजोबांना उत्तर आले नाही, की ते जेनमध्ये पाहायला हवे म्हणायचे. ही जेन म्हणजे कोणी मडम असावी, अशी माझी कित्येक दिवस पक्की समजूत होती. पुढे कळले की जेन हा पुरुष होता, पाद्र्याचा मुलगा होता, आरमारात त्याने एक दिवसही नोकरी केली नव्हती, आणि तरीही जगभरच्या आरमारी अधिकाऱ्यांच्या टेबलावर त्याच्या नावाचा जाडजूड ग्रंथ असे. तेव्हापासून या माणसाने माझा पिच्छा सोडलेला नाही. हा लेख म्हणजे त्याच्यापासून सुटका करून घेण्याचा एक प्रयत्न समजावा.

जॉन फ्रेडरिक टॉमस जेन याचा जन्म ६ ऑगस्ट १८६५ रोजी लंडनजवळच्या रिचमंड येथे झाला. वडील धर्मोपदेशक. त्यांच्या बदल्यांबरोबर कुटुंब इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील डेव्हन परगण्यात गेले आणि फ्रेड एक्झिटरच्या शाळेत शिकला. अभ्यासात त्याने काही दिवे लावल्याचे कोणी सांगत नाही. मात्र शाळेच्या अधिकृत मासिकाला टक्कर देणारे स्वतःचे पत्र त्याने काढले होते. (आमच्या संपादक मंडळाने याची नोंद घ्यावी, पण अनुकरणाला उत्तेजन देऊ नये.) तळ्यात नकली जहाजांच्या लढाया लावण्याचा नादही त्याला तेव्हापासूनचा. आपल्याकडे पावसाळ्यात पागोळ्यांच्या पाण्यात कागदी होड्या सोडतात, त्याचाच हा विलायती आणि जरा जास्त आडदांड प्रकार.

सोळा-सतराव्या वर्षी एक घटना घडली आणि नादाचे रूपांतर ध्यासात झाले. ११ जुलै १८८२ रोजी ब्रिटिश आरमाराने इजिप्तमधील अलेक्झांड्रियाच्या किल्ल्यांवर तोफा डागल्या. ‘इन्फ्लेक्सिबल’, ‘अलेक्झांड्रा’ अशी चिलखती जहाजे त्यात होती आणि वर्तमानपत्रांत त्यांची चित्रे झळकू लागली. ज्यांच्या शहरावर गोळे पडले त्यांना काय वाटले असेल हा प्रश्न त्या वयात फ्रेडला पडला नसावा. त्याला दिसली ती जहाजे. त्याने वह्या आणल्या आणि जगातल्या एकेका चिलखती जहाजाचे चित्र काढायला घेतले. सगळ्या जगातली सगळी जहाजे! असा संकल्प सोळाव्या वर्षी कोणीही सोडतो. जेनचे वैशिष्ट्य हे की त्याने तो तडीस नेला, आणि त्याला पंधरा वर्षे लागली.

ही पंधरा वर्षे सुखाची नव्हती. १८८५ च्या सुमारास तो लंडनला आला, माळ्यावरच्या एका खोलीत राहिला आणि साप्ताहिकांना चित्रे विकून पोट भरू लागला. आरमाराच्या कवायतींच्या वेळी जहाजावर जाण्याची संधी मिळाली की तो पेन्सिल घेऊन धावे. बाकीच्या वेळी मिळेल ते काम. १८९३ मध्ये जॉर्ज ग्रिफिथच्या ‘द एंजल ऑफ द रेव्होल्यूशन’ या भविष्यकथेसाठी त्याने चित्रे काढली. त्यात आकाशातून शहरांवर आग ओकणारी हवाई जहाजे आहेत. राइट बंधूंचे विमान १९०३ मध्ये उडाले, म्हणजे हा गृहस्थ दहा वर्षे आधी हवाई युद्ध रंगवत बसला होता. स्वतःही त्याने चार-सहा कादंबऱ्या लिहिल्या. ‘टू व्हीनस इन फाइव्ह सेकंड्स’ या नावावरून त्यांच्या जातकुळीची कल्पना यावी. आज त्या कोणी वाचत नाही आणि न वाचल्याने कोणाचे फारसे बिघडत नाही, असे माझे नम्र मत आहे.

१८९८ हे साल मात्र त्याचे. त्या साली त्याची दोन अपत्ये नावारूपाला आली, एक पुस्तक आणि एक खेळ. पुस्तकाचे नाव ‘ऑल द वर्ल्ड्स फायटिंग शिप्स’. त्यात जगातल्या आरमारांची जहाजे एकापाठोपाठ एक, जेननेच हाताने काढलेली. लांबी, वेग, तोफा, चिलखताची जाडी, खलाशांची संख्या, सारे एका नजरेत दिसेल असे. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे काळ्या छायाकृती. क्षितिजावर धुरात काहीतरी काळे दिसते आहे, तर आधी धुराडी मोजा, मग डोलकाठ्या मोजा, मग पुस्तकातला तो गट काढा. किती साधी युक्ती! पण ती मोठमोठ्या आरमार कचेऱ्यांच्या आधी एका भुकेल्या चित्रकाराने इतक्या नेटकेपणाने छापून दाखवली.

दुसरे अपत्य म्हणजे त्याचा आरमारी युद्धखेळ. पुस्तक आणि खेळ ही खरे तर जुळी भावंडे. चौकोन आखलेल्या पटावर जहाजांच्या छोट्या प्रतिकृती मांडायच्या. प्रत्येक चाल म्हणजे लढाईतला एक मिनिट, आणि जहाजाचा खरा वेग जेवढा असेल तेवढेच चौकोन ते पुढे जाणार. गोळीबाराची त्याची तऱ्हा तर मला फार आवडते. त्याने सोंगट्या-फासे वापरले नाहीत. प्रत्येक जहाजाचे चित्र असलेले एक कार्ड असते आणि खेळाडूच्या हाती एक छोटी थापटी. थापटीला एक टाचणी असते, पण ती बरोबर मध्यभागी नसते, जरा इकडे-तिकडे असते. नेम धरून कार्डावर थापटी मारायची. टाचणीचे भोक जिथे पडेल तिथे गोळा लागला. लक्ष्य लांब असेल तर चित्र लहान घ्यायचे. तोफा आणि चिलखत यांना अक्षरांच्या खुणा दिलेल्या असत. त्यावरून अमुक तोफेचा गोळा अमुक चिलखत फोडेल की नाही हे ठरे. यंत्रखोलीवर भोक पडले की जहाज लंगडे झाले. नेम, अंतर आणि नशीब या तिन्ही गोष्टी एका टाचणीत आणणाऱ्या माणसाला मी तरी वेडा म्हणणार नाही.

खेळ पोरांसाठी नव्हता. आरमारी अधिकारी तो खेळू लागले. रशियाच्या राजघराण्यातले ग्रँड ड्यूक अलेक्झांडर यांनी त्यात लक्ष घातले. जेनने १८९९ मध्ये रशियन आरमारावर आणि १९०४ मध्ये जपानी आरमारावर स्वतंत्र ग्रंथ लिहिले.

आता ही साले पाहा. १९०४ मध्येच रशिया आणि जपान यांचे युद्ध पेटले. २७ आणि २८ मे १९०५ रोजी त्सुशिमाच्या सामुद्रधुनीत दोन्ही आरमारे समोरासमोर आली. जेनच्या पुस्तकातली पाने जणू उठून एकमेकांवर चालून गेली. रशियाचे आरमार जवळजवळ संपले. त्यांचे चार हजारांहून अधिक लोक बुडाले वा मारले गेले. जपानचे मेले ११७. ज्या जहाजांची एकेक डोलकाठी त्याने प्रेमाने रेखाटली होती, त्यांतली कित्येक समुद्राच्या तळाशी गेली. पुढच्या आवृत्तीतून ती गाळायची, एवढेच काम उरले. हे गाळण्याचे काम त्याने कोणत्या मनाने केले असेल, असा प्रश्न मला नेहमी पडतो.

काहीतरी त्याच्या मनात हलले असावे, असे मला वाटते. कारण १९०६ मध्ये त्याने ‘हेरेसीज ऑफ सी पॉवर’ हा ग्रंथ लिहिला. हेरेसी म्हणजे पाखंड. त्या काळी अमेरिकन कॅप्टन महान यांचे समुद्रसत्तेचे सिद्धांत वेदवाक्यासारखे मानले जात. जेनने त्यांनाच हात घातला. जहाजांची संख्या, तळ, व्यापार हे सगळे खरे, पण अखेर जिंकतो तो जिंकण्यास लायक असलेला, म्हणजे ज्याच्या माणसांत ती जिद्द आणि तयारी आहे तो, असा त्याचा रोख होता. गंमत पाहा! आयुष्यभर तोफा आणि चिलखताचे इंच मोजणारा माणूस सांगू लागला की निकाल या मोजमापांत नाही. हा ग्रंथ विस्कळीत आहे, काही ठिकाणी वकिली थाटाचा आहे. त्या काळच्या विलायती लेखनात असतो तसा वंशाचा आणि साम्राज्याचा दर्पही त्याला आहे, आणि तो आपण माफ करण्याचे कारण नाही. तरीपण माझ्या लेखी जेन इथे मोठा होतो.

त्याच्या पुस्तकाने इतिहासाला एक धक्काही दिला. १९०३ च्या आवृत्तीत त्याने इटलीचे जहाजबांधणीतज्ज्ञ कुनिबेर्ती यांचा एक लेख छापला. ब्रिटिश आरमारासाठी आदर्श युद्धनौका कशी असावी? १७,००० टन वजन, एकाच मापाच्या १२ इंची १२ तोफा, वेग २४ नॉट, असे ते स्वप्न होते. इटलीच्या खजिन्याला ते परवडणारे नव्हते. १० फेब्रुवारी १९०६ रोजी पोर्ट्‌स्मथच्या गोदीतून ‘ड्रेडनॉट’ पाण्यात उतरली तेव्हा तिच्यावर १२ इंची १० तोफा होत्या. ती केवळ त्या लेखामुळे जन्मली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, कारण अ‍ॅडमिरल फिशर यांच्या डोक्यातही तोच विचार घोळत होता. पण तिच्या जन्माने आधीच्या सगळ्या युद्धनौका एका दिवसात म्हाताऱ्या झाल्या आणि ब्रिटन-जर्मनीची शर्यत नव्याने सुरू झाली. माझ्या गोदीत ही ‘ड्रेडनॉट’ आहे. खरी ५२७ फुटांची, माझी सव्वापाच इंचांची. तिच्या एका तोफेचे तोंड बहिणीच्या कृपेने वाकडे आहे.

जेनच्या खाजगी आयुष्याबद्दल थोडक्यात सांगतो. पोर्ट्‌स्मथजवळ तो स्थायिक झाला. दोन लग्ने झाली, एक मुलगी झाली. मोटारीचे त्याला अतोनात वेड होते. १९०६ मध्ये आरमाराचा कैवारी म्हणून पोर्ट्‌स्मथमधून पार्लमेंटच्या निवडणुकीला अपक्ष उभा राहिला आणि पडला. मतदारांना जहाजे आवडतात, पण म्हणून जहाजे काढणाऱ्याला ते मत देतातच असे नाही. १९०९ मध्ये तर त्याने कहर केला. समाजवादी खासदार व्हिक्टर ग्रेसन भाषणासाठी आले असता त्यांना फसवून आपल्या मोटारीत घातले आणि भलतीकडेच लांब नेऊन सोडले! सभा राहिली बाजूला. थट्टा म्हणून वाचायला ठीक आहे, पण विरोधकाचे तोंड अशा रीतीने बंद करणे मला पटत नाही. आवडत्या माणसाच्या चरित्रात असे एखादे पान निघते, ते फाडून टाकू नये, एवढेच. त्याच साली त्याने हवाई जहाजांचा वार्षिक ग्रंथही सुरू केला. तरुणपणी रंगवलेले आकाश आता खरोखरच भरू लागले होते.

१९१४ मध्ये महायुद्ध आले. जेनच्या धुराडी मोजण्याच्या विद्येची परीक्षा आपल्याच समुद्रात झाली, हे आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते. जर्मन क्रूझर ‘एम्डन’ हिंदी महासागरात शिरली आणि २२ सप्टेंबर १९१४ च्या रात्री तिने मद्रासवर गोळे टाकून तेलाच्या टाक्या पेटवल्या. एम्डनला धुराडी तीन. तिच्या लोकांनी चौथे नकली धुराडे उभारले, म्हणजे दुरून ती ब्रिटिश क्रूझर वाटावी! याच सोंगाने ती २८ ऑक्टोबरच्या पहाटे पेनांगच्या बंदरात शिरली आणि ‘झेमचुग’ ही रशियन क्रूझर बुडवून निघून गेली. पुस्तकात पाहून ओळखणारे जितके शहाणे झाले, तितकेच पुस्तकात पाहून फसवणारेही शहाणे झाले होते.

युद्धाच्या काळात जेन गावोगाव व्याख्याने देत, लिहीत हिंडत होता. १९१५ च्या शरदात उघड्या मोटारीतून पावसाथंडीत प्रवास केल्याने तो आजारी पडला, तो पुरता सावरलाच नाही. ८ मार्च १९१६ रोजी साउथसीच्या घरी त्याचा मृत्यू झाला. वय अवघे ५०. पुढे तीनच महिने झाले नाहीत तोच, ३१ मे रोजी, जटलंडची प्रचंड लढाई झाली. त्यात सुमारे २५० जहाजे होती, आणि दोन्ही बाजूंचे साडेआठ हजारांहून अधिक लोक मेले. ‘इन्व्हिन्सिबल’ या एकट्या जहाजावरचे १,०२६ लोक गेले आणि वाचले ते सहा. ज्या लढाईची तो जन्मभर पटावर तालीम करत आला, ती त्याने पाहिली नाही. हे त्याचे दुर्दैव की भाग्य, यावर माझे मत दर सहा महिन्यांनी बदलते.

हा लेख मी पुरा केला तेव्हा सुट्टीत मालवणला आजोबांना वाचून दाखवला. त्यांनी तो डोळे मिटून ऐकला. मग म्हणाले की जेनमध्ये खलाशांच्या संख्येचा रकाना असतो, तो तू कधी वाचलास का? मी म्हटले, वाचला. त्यांनी विचारले की मग तुझ्या जहाजांवर माणसे का नाहीत?

मी हिशेब करून सांगितला. साडेपाच फुटांचा माणूस १:१२०० प्रमाणात दीड मिलिमीटरही भरत नाही. करणार कशी, आणि दिसणार कशी? आजोबा काही बोलले नाहीत. १९७१ च्या युद्धात ते २१ वर्षांचे होते. त्यांच्या वाडीतला, त्यांच्याबरोबरच भरती झालेला एक सोबती ‘खुकरी’वर होता. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ ‘हँगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीने पाणतीर मारून ‘खुकरी’ बुडवली. काही मिनिटांत सगळे संपले. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच गेले. हे मला शाळेपासून पाठ होते. सोबत्याची गोष्ट मात्र आजोबांनी त्या दिवशी पहिल्यांदा सांगितली, आणि तीही अर्धीच.

त्या सुट्टीत मी पांगाऱ्याचे लाकूड घेतले. आमच्या सावंतवाडीकडची खेळणी याच लाकडाची होतात, ते हलके असते आणि सुरीला ऐकते. ‘खुकरी’ ३१० फुटांची, म्हणजे माझी ३ इंच आणि वर एक रेघ. एकच धुराडे, एकच डोलकाठी, पुढे बुटका पूल. चार दिवस लागले. राखाडी रंग वाळल्यावर मी ती आजोबांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, जहाज डोळ्यांजवळ नेले, आणि डोलकाठी जराशी मागे हवी होती असे सांगितले. मग अंगठ्याचे नख धुराड्याच्या मागे, खालच्या अंगाला टेकवून ते म्हणाले, तो इथे असायचा.

डोलकाठी मी काढून पुन्हा बसवली आहे. नखाचा वळ रंगात उमटला होता, तो तसाच राहू दिला आहे.